बाहेर भेटा, पण उन्हाच्या भरवशावर नको

वाचकाचं पत्र: माझ्या आईनं सत्तरी ओलांडली आहे आणि तिला फुप्फुसांचा जुना विकार आहे. या आठवड्यात मला ताप-खोकला झाला, डॉक्टरांनी फ्लू असल्याचं सांगितलं. ताप उतरलाय, खोकला अजून आहे. आम्हा दोघींनाही भेटीची ओढ लागली आहे. भाऊ म्हणतो, "दुपारी बाहेर उन्हात बसा. उन्हातले यूव्ही किरण विषाणू मारतात, मास्कबिस्क काही लागत नाही." हे खरं आहे का? आईला बाहेर बसवणं जड गेलं, तर बंद काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात बसलो तर चालेल का? माझी पांघरुणं उन्हात टाकली की पुरे का? आणि यूव्हीचा दिवा विकत घेऊन ठेवावा का?

नमस्कार ताई,

तुमच्या भावाचं अर्धं म्हणणं पक्कं खरं आहे. धोका नेमका त्यामुळेच आहे, कारण खऱ्या अर्ध्याच्या सोबतीनं उरलेलं अर्धंही खरं वाटायला लागतं. आधी उत्तर सांगते, कारणं मग. आईला भेटायचंच असेल तर घराबाहेर भेटा, पण सावलीत, दोन मीटर अंतर ठेवून, मास्क लावून आणि थोडाच वेळ. आणखी काही दिवस थांबता आलं तर त्याहून बरं. उन्हावर विसंबून यातलं काहीही सोडू नका.

उन्हाचा हा गुण काही आज कळलेला नाही. 1877 साली आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट या इंग्रज संशोधकांनी काचेच्या नळ्यांत जीवाणू वाढतील असं द्रावण भरलं. काही नळ्या उन्हात उघड्या ठेवल्या, तर काही शिशाच्या पत्र्यात गुंडाळून ठेवल्या. गुंडाळलेल्या नळ्यांतलं द्रावण जीवाणूंनी गढूळ झालं, उन्हात उघड्या असलेल्या नळ्यांतलं नितळ राहिलं. विषाणू ही गोष्ट तेव्हा कुणाला ठाऊकही नव्हती. पुढे 1930 च्या सुमारास फ्रेडरिक गेट्स या संशोधकानं कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश जीवाणूंना सर्वाधिक मारक ठरतो ते मोजलं. त्यांचा आलेख न्यूक्लिक आम्लं, म्हणजे डीएनए आणि आरएनए, ज्या प्रमाणात प्रकाश शोषतात त्या आलेखाशी जुळला. आनुवंशिकतेचा ठेवा डीएनएमध्ये असतो हे सिद्ध होण्याच्या किती तरी आधी प्रकाशानं त्याकडे बोट दाखवलं होतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

फ्लूचा विषाणू म्हणजे आरएनएचे आठ तुकडे, त्यांच्याभोवती प्रथिनं आणि बाहेरून स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण. आरएनएच्या साखळीत युरासिल नावाचे घटक जिथे शेजारीशेजारी असतात, तिथे अतिनील, म्हणजेच यूव्ही, किरणाची ऊर्जा शोषली गेली की ते वहीची दोन पानं चिकटावीत तसे एकमेकांना चिकटतात. डीएनएमध्ये हेच थायमिनच्या बाबतीत घडतं. असा विषाणू नंतर आपल्या पेशीत शिरला तरी त्याची नक्कल काढणारी यंत्रणा त्या जोडापाशी अडते आणि नवीन विषाणू तयार होत नाहीत. विषाणू फुटलेला किंवा नाहीसा झालेला नसतो. पीसीआर चाचणीत तो सापडूही शकतो, पण त्याची आजारी पाडण्याची ताकद गेलेली असते. आपल्या त्वचेच्या पेशींवरही उन्हात असेच घाव बसतात, फक्त पेशींकडे ते दुरुस्त करणारी विकरं असतात. पेशीबाहेर पडलेल्या विषाणूकडे तसलं काहीच नसतं. त्याचं नुकसान साठत जातं.

हे काम करणारे किरण मात्र उन्हात फार थोडे असतात. सर्वांत मारक असतात ते 280 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे यूव्हीसी किरण. ते वातावरणातच, मुख्यतः ओझोनच्या थरात, शोषले जातात आणि जमिनीवर पोचत नाहीत. 280 ते 315 नॅनोमीटरमधल्या यूव्हीबीचाही बराचसा भाग वरच अडतो. जमिनीवर येणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे 95 टक्के त्याहून लांब तरंगलांबीचे यूव्हीए असतात, आणि न्यूक्लिक आम्लं ते फारसे शोषत नाहीत. म्हणजे विषाणूवर थेट घाव घालण्याची मदार मुख्यतः त्या उरलेल्या थोड्याशा यूव्हीबीवर असते.

तरीही त्याचा प्रभाव मोठा आहे. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत कोरोनाच्या विषाणूवर कृत्रिम ऊन पाडून मोजमाप झालं. कृत्रिम लाळेत मिसळून पोलादाच्या तुकड्यांवर वाळवलेला विषाणू 40 अंश अक्षांशावरच्या उन्हाळ्यातल्या भर दुपारच्या उन्हात दर 6.8 मिनिटांना 90 टक्के निष्क्रिय होत होता. लाळेऐवजी पेशी वाढवायच्या द्रवात मिसळला तर त्याच कामाला 14.3 मिनिटं लागत. हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म थेंबांवरही प्रयोग झाले. उन्हाळ्याच्या उन्हात 90 टक्के विषाणू सुमारे 8 मिनिटांत निकामी झाले, हिवाळा सरतानाच्या उन्हात सुमारे 19 मिनिटांत, आणि अंधारात मात्र काही तास लागले. प्रत्यक्षातला वेग यूव्हीबीच्या हिशेबानं बांधलेल्या अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला. तेव्हापासून यूव्हीएचाही यात आडवळणानं हात असावा, अशी चर्चा संशोधकांत आहे. फ्लूचा विषाणूही हवेतल्या थेंबांत असताना उन्हाला असाच हळवा असल्याचं दिसलं आहे.

आता तुमची भेट डोळ्यांपुढे आणा. तुम्ही दोघी हातभर अंतरावर बसून बोलताय. बोलताना, खोकताना तुमच्या तोंडून निघालेली हवा आईच्या नाकापर्यंत जायला किती वेळ लागेल? हलकी झुळूक असली तर एखादं सेकंद, हवा संथ असली तर थोडी अधिक. पाच सेकंद धरू. वरच्या प्रयोगातला उन्हाळी उन्हाचा वेग लावून मी हिशेब केला, तर पाच सेकंदांत जेमतेम अडीच टक्के विषाणू निष्क्रिय होतात. हिवाळ्याच्या वेगानं एक टक्का. उरलेले साडेसत्त्याण्णव किंवा नव्व्याण्णव टक्के जसेच्या तसे आईपर्यंत पोचू शकतात. तुमचा भाऊ "काही मिनिटांत" हा आकडा कुठून तरी वाचून सांगतोय आणि तो आकडा चुकीचा नाही. पण समोरासमोर बसलेल्या दोन माणसांमध्ये विषाणूला काही मिनिटं घालवावीच लागत नाहीत.

मग बाहेर भेटणं सुरक्षित कशानं होतं? मोकळ्या हवेनं. खोलीत बाहेर टाकलेला श्वास साचत जातो. तासाभरात तुमच्या श्वासातला बराच वाटा खोलीच्या हवेत तरंगत राहतो आणि दूरच्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाच्याही वाट्याला येतो. बाहेर तोच श्वास काही क्षणांत प्रचंड हवेत विरून जातो. ऊन त्याच्या जोडीला काम करतं ते पुढच्या टप्प्यावर. जे थेंब विरून लांब जातात, मिनिटामिनिटांनी हवेत रेंगाळतात, बाकाच्या पाठीवर किंवा टेबलावर बसतात, त्यांना ते हळूहळू निकामी करत राहतं. गर्दी उलगडल्यावर मैदानातल्या हवेत काही साठून राहत नाही, त्यात उन्हाचाही हात आहे. समोरच्या माणसाच्या खोकल्यापासून वाचवणं मात्र त्याच्या आवाक्यात नाही.

मोकळ्या हवेत उन्हाशिवायही काही तरी असतं, हेही सांगायला हवं. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधल्या पोर्टन डाउन या लष्करी संशोधन केंद्रात ड्रुएट आणि मे या संशोधकांनी कोळी या किड्याच्या जाळ्यातल्या अगदी बारीक तंतूंवर जीवाणू बसवले आणि ते तंतू रात्री बाहेरच्या हवेत ठेवले. प्रयोगशाळेतल्या बंदिस्त स्वच्छ हवेत तगणारे जीवाणू बाहेर अंधारातही पटापट मरत होते. ओझोन आणि हवेतली काही कार्बनी संयुगं यांच्या अभिक्रियेतून हे घडत असावं, असा अर्थ तेव्हा लावला गेला. बाहेर बसण्याच्या बाजूनं हे आणखी एक कारण आहे आणि ते ढगाळ दिवशीही लागू पडतं.

सावलीत बसा असं मी म्हणते, त्याचं कारण तुमची आई आहे. विषाणूला जो यूव्हीबी निकामी करतो, तोच त्वचा जाळतो, डोळ्यांना इजा करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार दिवसभरातल्या अतिनील किरणांपैकी सुमारे 60 टक्के सकाळी 10 ते दुपारी 2 या वेळात पोचतात, आणि यूव्ही इंडेक्स (उन्हातल्या अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा) 3 किंवा त्याहून जास्त असला की त्वचेला संरक्षण हवं. म्हणजे विषाणूवर उन्हाचा सर्वांत जास्त जोर चालतो, ती वेळ नेमकी म्हाताऱ्या माणसानं उन्हात बसायची नव्हे. वर उष्म्याचा त्रास वेगळाच. आई कोणती औषधं घेते तेही एकदा तपासा. फुप्फुसांच्या विकारात जंतुसंसर्गासाठी दिलं जाणारं डॉक्सिसायक्लिन आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड यांच्यामुळे त्वचा उन्हाला फार लवकर पोळते. यातलं काही चालू असेल तर दुपारच्या उन्हाचा विचारच सोडा.

सावलीत बसल्यानं उन्हाचा फायदा अगदीच जातो असंही नाही. अतिनील किरण हवेत खूप विखुरतात, त्यामुळे मोकळ्या आकाशाखालच्या झाडाच्या किंवा छत्रीच्या सावलीतही त्यांचा बराच भाग पोचतो. पातळ ढगांतून तर 90 टक्क्यांहून अधिक पार होतात.

इथे बहुतेकांची एक गफलत होते. ऊन अंगाला किती चटके देतं यावरून ते विषाणूला किती मारेल याचा अंदाज बांधू नका. ऊब जाणवते ती मुख्यतः अवरक्त आणि दृश्य प्रकाशामुळे. अतिनील किरण आपल्याला जाणवतच नाहीत. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांना हवेतून आणि ओझोनमधून खूप लांबचा तिरका प्रवास करावा लागतो. म्हणून संध्याकाळचं ऊन उबदार वाटलं तरी त्यात यूव्हीबी जवळजवळ उरलेला नसतो. उलट उंच डोंगरावरच्या गार हवेत तो जास्त असतो: दर 1000 मीटर उंचीमागे अतिनील किरण साधारण 10 टक्क्यांनी वाढतात, आणि ताजं बर्फ त्यातले 80 टक्क्यांपर्यंत परत वर फेकतं. हवामानाच्या ॲपमध्ये तापमानाशेजारी यूव्ही इंडेक्स दिलेला असतो, तो पाहा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब पडली असेल तर विषाणूवर त्या उन्हाचा फारसा जोर चालत नाही, असं समजायला हरकत नाही.

आता खिडकी. बंद काचेमागच्या उन्हात बसू नका. खिडकीची साधी काच यूव्हीबी जवळपास पूर्ण अडवते. प्रकाश आत येतो, ऊब येते, यूव्हीएचाही बराच भाग येतो, पण विषाणूवर खरा घाव घालणारा भाग बाहेरच राहतो. शिवाय खिडकी बंद म्हणजे हवाही बंद. म्हणजे बाहेर भेटण्याचे दोन्ही फायदे गेले आणि सुरक्षित असल्याची भावना मात्र राहिली. तुमच्या पत्रातल्या सगळ्या बेतांपैकी मला याच बेताची सर्वांत जास्त काळजी वाटते. आईला बाहेर बसवणं जमतच नसेल, तर खोलीच्या समोरासमोरच्या खिडक्या उघडा, ऊन आत येवो न येवो, वारा आरपार वाहू द्या, दोघींनीही मास्क लावा आणि थोडक्यात भेट आटपा.

पांघरुणांचं उत्तर थोडक्यात. अतिनील किरण कापडात खोल शिरत नाहीत. वरची बाजू उन्हाला लागते, पण घड्या, शिवणी, खालची बाजू आणि आतला कापूस अंधारातच राहतो. कफाचा किंवा लाळेचा डाग सुकला असेल तर त्यातल्या प्रथिनांच्या आड विषाणू लपतो. सुदैवानं फ्लूचा विषाणू कापडावर फार टिकत नाही. 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तो पोलाद आणि प्लॅस्टिकवर 24 ते 48 तास टिकला, तर कापड, कागद आणि टिश्यूवर 8 ते 12 तासांपेक्षा कमी. पांघरूण साबणानं धुतलंत की साबण त्याचं स्निग्ध आवरणच मोडतो. मग ते खुशाल उन्हात वाळवा. दुलईसारखं धुता न येणारं काही असेल तर उलटसुलट करून उन्हात टाका आणि दोन दिवस कुणाला वापरायला देऊ नका. तिथे ऊन आणि वेळ मिळून काम करतील.

ऊन विषाणूला किती महागात पडतं, हे शेतीतून फार छान दिसतं. पिकावरच्या अळ्या मारण्यासाठी एनपीव्ही नावाचे विषाणू फवारतात. माणसाला त्यांचा उपद्रव नसतो. ही फवारणी संध्याकाळी करायला सांगतात आणि द्रावणात अतिनील किरण शोषून घेणारा पदार्थ मिसळतात. नाही तर उघड्या पानावर पडलेला विषाणू, प्रथिनांच्या जाड कोशात असूनही, उन्हानं लवकर निकामी होतो आणि अळीनं पान खाल्लं तरी तिला काही होत नाही. पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेला विषाणू मात्र तगून राहतो. पांघरुणाच्या खालच्या बाजूबद्दल मी म्हटलं त्याचा हा पुरावाच समजा.

सगळेच विषाणू उन्हाला सारखे दबत नाहीत, हेही भावाला सांगा. ॲडेनोव्हायरसच्या जातकुळीतले विषाणू अतिनील किरणांना चिवटपणे तोंड देतात. त्यांचा डीएनए दुपदरी असतो, आणि एका पदरावर घाव बसला तरी पेशीत शिरल्यावर ते आपल्याच पेशीची दुरुस्ती यंत्रणा वापरून तो भरून काढतात. आरएनएच्या विषाणूंना ही सोय नसते. फ्लू आणि कोरोना दोन्ही आरएनएचेच, त्यामुळे या बाबतीत तरी ते उन्हापुढे कमजोर आहेत.

आणि एक गैरसमज तुमच्या पत्रात नसला तरी घरोघरी ऐकू येतो, म्हणून सांगते. उन्हात बसल्यानं अंगातला विषाणू मरत नाही. यूव्हीबी त्वचेच्या वरच्या पातळ थरातच शोषला जातो, आणि फ्लूचा विषाणू असतो घशात, श्वासनलिकेत, फुप्फुसात. उन्हानं ड जीवनसत्त्व मिळतं ते खरं, पण चालू आजारावरचा तो इलाज नव्हे.

यूव्हीचा दिवा घेऊ नका. जे दिवे खरोखर काम करतात, ते बहुधा 254 नॅनोमीटरचे यूव्हीसी किरण सोडतात आणि त्यांनी डोळ्यांच्या बुबुळाला व त्वचेला काही मिनिटांतच इजा होऊ शकते. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हात किंवा त्वचा निर्जंतुक करायला असे दिवे वापरू नका, असं स्पष्ट बजावलं होतं. जे स्वस्त दिवे नुसते जांभळे दिसतात, त्यांतून बरेचदा पुरेसे किरणच निघत नाहीत. या किरणांचा शहाणपणानं केलेला वापर वेगळा आहे. विल्यम वेल्स या संशोधकानं 1937 ते 1941 या काळात अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या परिसरातल्या शाळांत वर्गाच्या छताजवळ असे दिवे बसवले. किरण मुलांच्या डोक्यावरून जात आणि वर गेलेली हवा निर्जंतुक होई. 1941 च्या गोवराच्या साथीत त्या वर्गांमध्ये रोग बराच कमी पसरला. पण तिथे दिव्याची उंची, कोन, हवा खालीवर होण्याचा वेग हे सगळं मोजून मापून केलेलं होतं. घरात हातात धरून फिरवायच्या दिव्यात यातलं काहीच नसतं.

तर तुमची भेट. ताप कमी करणारं औषध न घेता 24 तास ताप नसेल आणि खोकला उतरणीला लागला असेल, तेव्हाच जा. त्यानंतरही पाच दिवस सावधगिरी सोडू नका, कारण फ्लू झालेला माणूस साधारण 5 ते 7 दिवस आणि कधी त्याहूनही जास्त काळ विषाणू बाहेर टाकत असतो. वारा तुमच्याकडून आईकडे वाहणार नाही अशा खुर्च्या मांडा. तुम्ही मास्क लावायचाच, आईला श्वासाला जड जात नसेल तर तिनंही लावावा. खोकला आला की तोंड फिरवून उठा आणि चार पावलं लांब जा. पहिली भेट अर्ध्या तासात संपवा, पुढच्या आठवड्यात हवं तेवढं बसा. मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल करा, आईला फ्लूची यंदाची लस मिळाली आहे का तेही विचारा.

भेटीनंतरचे चार दिवस आईच्या तब्येतीकडे डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, कारण फ्लूची लक्षणं बहुधा 1 ते 4 दिवसांत दिसतात. तिला ताप, नवा खोकला किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर थांबून पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि तुम्हाला फ्लू झाला होता हेही सांगा. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत घेतलं तर सर्वांत चांगलं लागू पडतं.